तितं एक विडी थांबायचं

कपाटावर लपवलेली वस्तू आईच्या, म्हणजे सारजाबाईंच्या, नजरेतून कधी सुटत नाही, हे बत्तीस वर्षांत अभिमन्यूला कळायला हवं होतं. लहानपणी त्यानं तिथं गोट्या लपवल्या, त्या सापडल्या. सातवीत गणिताचा पेपर लपवला, तोही सापडला, आणि त्या दिवशी जे झालं ते अजून सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या जुन्या लोकांच्या लक्षात आहे. तरीही जानेवारीत चेतनाताईंनी भेट दिलेला कलिंबा त्यानं नेमका कपाटावरच ठेवला आणि वर एक जुनी चादर टाकून दिली.

चेतनाताई म्हणजे त्याच्या गिटार क्लासमधल्या सगळ्यांत वयस्कर विद्यार्थिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, तरी त्याला ‘सर’ म्हणतात. अपघातानंतर त्या भेटायला आल्या त्या बिस्किटाचा पुडा नि हा कलिंबा घेऊन. तळहातांत मावणारी लाकडी पेटी, मध्ये गोल भोक, आणि वर सतरा लोखंडी पट्ट्या. मधली पट्टी सगळ्यांत लांब, दोन्हीकडे आखूड होत गेलेल्या.

“सर, हे अंगठ्यांनी वाजतं,” त्या चाचरत म्हणाल्या. “बोटं लागत नाहीत. म्हटलं, तुम्हाला...”

त्यांचं मन चांगलं होतं, यात शंका नाही. पण अभिमन्यूच्या ते जिव्हारी लागलं. दिवाळीनंतर मोडनिंबहून मोटारसायकलवर येताना, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून त्याचं चाक घसरलं होतं. हाडं जुळली, पण डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी वळायची बंद झाली. गिटारच्या तारा दाबायच्या त्या डाव्या हातानं. ती दोन बोटं गेली म्हणजे वाजवणं गेलं. अशा माणसाच्या हातात खेळणं द्यायचं?

“यात हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांचे सूर नाहीत,” तो कोरडेपणानं म्हणाला होता. “आपली शेवटची धून यावर बसणार नाही. त्यातला एक सूर यात नाहीच.”

शेवटची धून ही त्या क्लासची रीत होती. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये क्लासचा कार्यक्रम व्हायचा. बारा-पंधरा विद्यार्थी आपापलं वाजवायचे, आईबाप मोबाइल उंच धरून बसायचे, आणि सगळ्यांत शेवटी सर स्पेनकडची ती जुनी गिटारची धून वाजवायचे. दोन भागांची धून. पहिला भाग उदास, संध्याकाळी एकटं बसल्यासारखा. दुसऱ्या भागात तीच धून एकदम उजळते. ती संपली की कार्यक्रम संपला, मग चिवडा नि चहा.

यंदा कार्यक्रम व्हायचा होता, पण शेवटची धून नव्हती. चहाच्या आधी सर उठून सांगणार होते की क्लास बंद. मोडनिंबच्या मामांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, एक एप्रिलपासून तो तिथं बसणार होता. गिटार चेतनाताईंना देऊन टाकायची, हेही त्यानं ठरवलं होतं. आईला त्यानं हे सगळं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं नुसतं ऐकून घेतलं. सारजाबाई बोलल्या नाहीत, याचाच खरं तर त्याला धसका बसायला हवा होता.

सारजाबाईंबद्दल इथं थोडं सांगायलाच हवं. मूळच्या मोडनिंबच्या, शेतकऱ्याची लेक. लग्न करून सोलापुरात आल्या त्या यंत्रमागावर काम करणाऱ्या मानसिंगच्या घरी. शेजारच्या सुंदरम्मानं त्यांना विडी वळायला शिकवली आणि दोन वर्षांत शिष्या गुरूच्या पुढं गेली, असं सुंदरम्मा सोडून सगळे म्हणतात. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पान उचललं, चिमूट भरली, अंगठ्यांनी वळलं, दोरा गुंडाळला, नखानं तोंड मुडपलं, झाली विडी. बोलता बोलता, भांडता भांडता, मालिकेतल्या सासूला शिव्या घालता घालता हे चालायचं. डोळे सुपाकडं जायचेही नाहीत. मानसिंग गेले तेव्हा अभिमन्यू सहावीत होता. त्यानंतर त्या दोन अंगठ्यांवर घर चाललं, त्याचं कॉलेज झालं, आणि हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या सिद्धारामच्या दुकानात बेवारस पडलेली नायलॉनच्या तारांची गिटार घरात आली ती त्याच अंगठ्यांच्या जोरावर.

दोन वर्षांपूर्वी खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू बंद म्हणून सांगितलं. सूप माळ्यावर गेलं. पण चाळीस वर्षांची सवय सुपाबरोबर माळ्यावर कशी जाईल? बाईंच्या हातात काहीही आलं की त्याची विडी व्हायची. एसटीचं तिकीट, पेपरची कड, लग्नपत्रिकेचा कोपरा. एकदा तर पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी विड्याचं पान असं झकास वळलं की शेजारच्या बाईनं दचकून पाहिलं. त्या अंगठ्यांना काम हवं होतं, आणि कपाटावर सतरा पट्ट्या पडून होत्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी अभिमन्यू आतल्या खोलीत पडला होता. उन्हानं पत्रे तडतडत होते, वीज गेलेली. बाहेरच्या खोलीतून काहीतरी वाजलं. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिंग, आता जरा वरचं. त्याला वाटलं कुणाचा तरी मोबाइल. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा तो उठला.

सारजाबाई भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर, जिथं सूप असायचं तिथं, कलिंबा. समोर सुंदरम्मा पाय पसरून बसलेली. तिचा विडीचा धंदा अजून चालू होता, पण आता ती दुसऱ्या कोपऱ्यात, दाराशी बसून वळायची, सारजाबाईंना धूळ लागू नये म्हणून.

“काय चाललंय आई?”

“काय न्हाय. तुजं ते वाजवायला लागलेय.”

“माझं कुठलं?”

“तेच की. तू शाळेतनं आल्यावर वाजवायचास ते. टँ टँ टँ, टँ टँ टँ.”

अभिमन्यूला हसू आलं, वाईट वाटलं, राग आला. तिन्ही एकाच वेळी. “ते यावर येत नाही आई. सांगितलं ना चेतनाताईंना मी. एक सूर यात नाहीच.”

“एकच न्हाय?” सारजाबाईंनी विचारलं. “बाकीचे हायत?”

“बाकीचे आहेत.”

“मग एकासाटी काय अडतंय? कोतमीर संपली म्हणून आमटी टाकून देत न्हाय कुणी.”

तो आत गेला, उशी कानावर घेतली. उशीतूनही ऐकू येत होतं.

कलिंबाची मांडणी मोठी विचित्र. सूर एका रांगेत चढत नाहीत. मधली पट्टी सा, तिच्या डावीकडची रे, उजवीकडची ग, पुन्हा डावीकडं म. अंगठ्यांना मागावरच्या धोट्यासारखं इकडून तिकडं पळावं लागतं. शिकलेली माणसं इथंच गडबडतात, कारण त्यांना वाटतं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जावं. सारजाबाईंना असं काही वाटतच नव्हतं. त्या एकेक पट्टी छेडायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या, आणि “हं, हे न्हाय,” नाहीतर “हं, गावली,” म्हणायच्या. पट्ट्यांवर इंग्रजी अक्षरं कोरली होती, त्यांचा बाईंना उपयोग शून्य. त्यांनी टिकल्यांचं पाकीट आणलं. पट्टीवर टिकली लावली तर आवाज बसतो, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, म्हणून पट्टीच्या मुळाशी लाकडावर लावल्या. लाल टिकली पहिल्यांदा, हिरवी मग, मरून रंगाची त्यानंतर. आठ दिवसांत त्या पेटीला हळदीकुंकवाला निघाल्यासारखी कळा आली.

आणि नखं! कलिंबाला अंगठ्याचं नख लागतं. नवशिक्यांचं नख दोन दिवसांत दुखायला लागतं. पण विडीचं तोंड मुडपून मुडपून सारजाबाईंच्या अंगठ्याची नखं शिंगासारखी टणक झाली होती. त्यांतून सूर असा स्वच्छ, गोल निघायचा की आत पडलेल्या अभिमन्यूनं, न राहवून, उशी बाजूला केली. दहा वर्षं तो शिकवत होता. एवढा चांगला पहिला सूर त्याच्या एकाही विद्यार्थ्याचा लागला नव्हता. हे त्यानं त्या क्षणी कबूल केलं, पण फक्त स्वतःशी.

मार्च लागेपर्यंत धून ओळखू येऊ लागली. आता त्याला वेगळाच त्रास सुरू झाला. आई चुकत होती. सारखी चुकत होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटाशी आली की मागं फिरायची आणि तीच ओळ पुन्हा घ्यायची. एकदा नाही, तीनदा. शिक्षकाचा जीव, किती दिवस गप्प बसणार? एका दुपारी तो तरातरा बाहेर आला.

“आई, तिथं मागं नाही फिरायचं. ओळ एकदाच आहे. सरळ पुढं जायचं.”

“न्हाय. तीनदा हाय.”

“अगं, एकदाच आहे!”

“तीनदा हाय,” सारजाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिसऱ्या बारीला जरा हळू. मग थांबायचं. तितं एक विडी थांबायचं.”

“एक विडी?”

“एक विडी वळून होईस्तवर.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “व्हय की न्हाय गं?”

सुंदरम्मानं पानावरची नजर न काढता मान हलवली. “बरोबर. एक विडी. मग पुढचा वाजतो. मग ते टक.”

“टक काय?”

सारजाबाईंनी वाजवून दाखवलं. धून पुढं सरकली, वर चढत गेली, आणि जिथं तो कलिंबात नसलेला सूर यायला हवा होता, तिथं त्यांनी अंगठ्याच्या नखानं लाकडावर ठोकलं. टक. आणि पुढं निघाल्या.

ते टक अभिमन्यूच्या ओळखीचं होतं.

तेरा वर्षांचा असताना त्याची करंगळी त्या सुरापर्यंत पोचायची नाही. तार नीट दाबली जायची नाही, आणि सुराऐवजी नुसतं टक व्हायचं. वर्ष-दीड वर्ष. तिसरी ओळ त्याला अवघड जायची, म्हणून तो तीनदा मागं यायचा. आणि उन्हाळ्यात हाताला घाम सुटायचा, म्हणून तिथं थांबून तो हात चड्डीला पुसायचा. बाहेर भिंतीपलीकडं या दोघी विड्या वळत बसलेल्या असायच्या. पुढं बोट लांबलं, सिद्धारामनं आपल्या दुकानात बसायला जागा दिली, मग क्लास निघाला, आणि त्याचा रियाज घरातून गेला तो गेलाच. धून नीट झाली ती बाहेर. घरात राहिली ती ही.

त्याच्या घामासकट, त्याच्या तोकड्या बोटासकट तिनं ती जपली होती, आणि एका विडीचं माप लावून जपली होती. त्याला आईचा फार अभिमान वाटला. “बरोबर आहे,” तो कसाबसा म्हणाला. “तीनदाच आहे.”

“मग आदी काय बोलायलास उगाच,” सारजाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की सारजाबाई बँकेत पेन्शनचं विचारायला गेल्या असताना अभिमन्यूनं कलिंबा उचलला. फक्त बघायला, असं तो स्वतःला म्हणाला. धुनेचा दुसरा, उजळ भाग यावर बसतो का, एवढंच. डावा अंगठा शाबूत होता, ताठ बोटं पेटीच्या मागं निमूट टेकून राहत होती, त्यांना काही कामच नव्हतं. आणि दुसऱ्या भागातले सगळे सूर त्या सतरा पट्ट्यांत होते. एकही कमी नव्हता. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. नाहीच म्हटल्यावर एकदाचं नाही असावं ना माणसाला. त्यानं पेटी होती तशी ठेवली. पण दुसऱ्या दिवशी आई दळणाला गेली तेव्हा पुन्हा उचलली, आणि तिसऱ्या दिवशीही. अडखळत का होईना, अंगठे वाट ओळखू लागले होते.

दुसरी गोष्ट त्यानं चोरून ऐकली. तो झोपलाय असं समजून सारजाबाई सुंदरम्माला सांगत होत्या, “दुकानात बसला तर जगंल की त्यो. उपाशी न्हाय मरणार. पर मला त्या आवाजाबिगर विडी वळताना कदी करमलं न्हाय बग. हे गेल्यापासनं सांगते. त्यो वाजवायला बसला की वाटायचं, घरात माणूस हाय. आता त्यो म्हणतोय बंद. करंल बंद. माजं कोण ऐकतंय? पर एकदा तरी मी वाजवून दाकवणार. त्याच्या त्या पोरांम्होरं.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी तसं जाहीरच केलं. “यंदा शेवटचं मी वाजवणार हाय.”

“आई, हॉलमध्ये? लोक हसतील.”

“हसू देत की. तू रडत घरी येण्यापरीस बरं.”

आता एक गोष्ट सांगायची राहिली, जी अभिमन्यूला सांगायला आवडली नसती. दहा वर्षांत आई एकदाही कार्यक्रमाला आली नव्हती. पहिल्या वर्षी त्यानंच बोलावलं नव्हतं. तिला कंटाळा येईल, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. खरं कारण वेगळं होतं. तंबाखूचा वास तिच्या लुगड्याला, केसांना, बोटांना असायचा, आणि हॉलमध्ये डॉक्टर, वकील, प्राध्यापकांची पोरं यायची. पुढच्या वर्षी त्यानं बोलावलं, तर ती म्हणाली, “मी काय करू येऊन? घरात ऐकलंय की सगळं.” मग तो विषय संपला. तिला कारण कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस त्याला कधी झालं नाही.

रविवार उजाडला. सारजाबाईंनी ठेवणीतलं हिरवं इरकल लुगडं नेसलं. कलिंबा धुतलेल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत घातला. सुंदरम्मा निम्म्या वाटेपर्यंत “अय्यो, माझा पाय” म्हणत आणि निम्म्या वाटेपासून सगळ्यांच्या पुढं चालत आली. हॉल भरला होता. पोरांनी आपापलं वाजवलं, चेतनाताईंनीही नीट वाजवलं, टाळ्या झाल्या. मग अभिमन्यू उठला. खिशात घडी केलेला कागद होता, त्यावर क्लास बंद करायची चार वाक्यं होती.

“आता शेवटची धून,” तो म्हणाला. “ती माझी आई वाजवेल.”

कुजबुज झाली. सारजाबाई पुढं गेल्या, आणि खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर मांडी घालून बसल्या. अंगठे पट्ट्यांवर आले. पहिला सूर निघाला आणि मागच्या ओळीत वेफर्सचं पाकीट फोडणारा बापसुद्धा थांबला.

किती सुरेख वाजवलं त्यांनी! बाईंचे डोळे पेटीकडं नव्हतेच, समोर कुठंतरी लागले होते, पूर्वी सूप मांडीवर असताना लागायचे तसे. तिसऱ्या ओळीशी त्या मागं फिरल्या. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. दुसऱ्यांदा फिरल्या तेव्हा कुणीतरी हळूच फिदीफिदी हसलं. तिसऱ्यांदा फिरल्या, संथ झाल्या, आणि थांबल्या. लोकांना वाटलं म्हातारी विसरली. चेतनाताई अस्वस्थ होऊन सरांकडं बघू लागल्या. फक्त दोन माणसं निवांत होती. सुंदरम्मा, जिची बोटं पदराच्या टोकाची एक विडी वळत होती, आणि अभिमन्यू, जो त्या बोटांकडं बघत होता. विडी झाली. धून पुढं निघाली. टक. आणि मग तो शेवटचा उतार, एकेक पायरी, मधल्या लांब पट्टीच्या शेजारी येऊन विसावला.

टाळ्या पडल्या, खऱ्या पडल्या. फिदीफिदी हसणारं पोरगंही टाळ्या वाजवत होतं. सारजाबाईंनी पंचा काढला नि पेटी गुंडाळायला घेतली.

“काकू,” चेतनाताई न राहवून म्हणाल्या, “दुसरा भाग नाही वाजवणार?”

“दुसरा कंचा?”

“ह्या धुनेचा. पुढचा भाग.”

सारजाबाईंनी लेकाकडं पाहिलं. “ह्याला पुडं बी हाय?”

“आहे आई,” अभिमन्यू म्हणाला. “मी वाजवायचो की घरी रोज.”

“कदी?”

“पहिला भाग झाला की. चारच्या सुमारास...”

“चारला मी विड्या द्यायला कारखान्यात जायचे रं,” सारजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. “परत येस्तवर तू सिद्धारामकडं गेलेला असायचास. मला वाटलं, एवडंच हाय ते.”

उदास भाग तेवढा ऐकला तिनं. सगळी वर्षं. जो भाग उजळतो तो वाजायचा तेव्हा ती डोक्यावर विड्यांचं टोपलं घेऊन उन्हातून चाललेली असायची. आणि नंतर दहा वर्षं, या हॉलमध्ये, तो डॉक्टर-वकिलांच्या पोरांनी ऐकला, कारण तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास होता. अभिमन्यूला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो पुढं गेला आणि तिच्या समोर, सतरंजीवर, मांडी घालून बसला.

“दे,” तो म्हणाला.

तिनं पेटी दिली. पेटी तिच्या हातानं उबदार झाली होती. त्यानं ताठ बोटं मागं टेकवली, अंगठे टिकल्यांच्या रांगेवर आणले, आणि कुणाकडंही न बघता दुसरा भाग सुरू केला.

पहिली ओळ सरळ गेली. धून उजळली. सारजाबाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं, आणि सुंदरम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली. दुसरी ओळ गेली. तिसऱ्या ओळीत डावा अंगठा चुकला, भलतीच पट्टी वाजली, आणि तो थांबला. चार महिन्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवत होता, आणि थांबला. विद्यार्थ्यांसमोर सर चुकले होते. कानशिलं तापली, हाताला घाम सुटला. पेटी खाली ठेवावी, खिशातला कागद काढावा आणि मोकळं व्हावं, असं त्याला क्षणभर अगदी मनापासून वाटलं.

“थांब की,” समोरून आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. सारजाबाई सावरून बसल्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही अंगठे रिकाम्या मांडीवर विडी वळत होते. “घाई न्हाय. हितं थांबायचंच असतंय. हात पूस.”

त्यानं डावा हात पँटीला पुसला.

तिचे अंगठे थांबले. विडी झाली होती.

“हां,” सारजाबाई म्हणाल्या. “आता मागनं घे.”

आणि त्यानं मागून घेतलं.